मनोरुग्णालयाच्या वॉर्डात संगीताचं सत्र कसं घ्यावं

सत्राच्या आधीची पंधरा मिनिटं सिस्टरांच्या टेबलाशी काढायची. खुर्च्या मांडणं, वाद्यं काढणं हे त्यानंतर. रात्रभर कोण झोपलं नाही, कोणाचं औषध बदललं, आज सकाळी कोणाला ईसीटी (मेंदूला विजेचे सौम्य झटके देण्याचा उपचार) झाली, स्वतःला इजा करून घेईल म्हणून कोणावर सतत नजर ठेवली आहे, कोणाला फिट येतात आणि कोणाचं कोणाशी वाजलंय, या सहा प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पहिला सूर लावू नये. गाणं बेसूर झालं म्हणून वॉर्डातलं सत्र सहसा फसत नाही. घरून ठरवून आणलेला कार्यक्रम त्या दिवशीच्या माणसांवर रेटला की ते फसतं. रुग्ण आज ज्या अवस्थेत आहे तिथून सुरुवात करायची आणि त्याला झेपेल तेवढंच पुढे न्यायचं. पुढे दिलेली मापं, वेळा आणि सावधगिरी सगळी त्यासाठीच आहे.

असं सत्र परिचारिका, व्यवसायोपचार विभागातले कर्मचारी किंवा संगीत जाणणारे स्वयंसेवक घेऊ शकतात. मात्र त्याला संगीतोपचार म्हणू नये. संगीतोपचार प्रशिक्षित थेरपिस्ट करतो, एकेका रुग्णाचं उद्दिष्ट ठरवून आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून. त्याचा अभ्यासही झालेला आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरच्या १८ अभ्यासांचा, एकूण १,२१५ जणांचा, कॉक्रेन आढावा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) २०१७ मध्ये निघाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार मिळाला तर माणसाचं आतल्या आत मिटून जाणं कमी होतं आणि चारचौघांतलं वावरणं सुधारतं, असं त्यात दिसलं. पण सगळ्या अभ्यासांत परिणाम सारखा नव्हता. सत्रं किती झाली आणि कशी झाली यावर तो अवलंबून होता. सत्र घेणाऱ्याने यातून दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. एक, हे औषधांच्या जोडीला आहे, औषधांच्या जागी नाही. दुसरी, एखाद्या दिवशी येऊन तीन तास गाऊन जाण्याने काही साधत नाही. आठवड्यातून दोनदा, अशी किमान १६ ते २० सत्रं जमणार असतील तरच सुरुवात करावी. ज्यांना आधीच खूप जणांनी अर्ध्यावर सोडलेलं असतं, त्यांच्याकडे चार वेळा येऊन पाचव्यांदा न येणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गट, वेळ आणि खोली

नुकतेच दाखल झालेले, लक्षणं जोरात असलेले रुग्ण असतील तर एका गटात ४ ते ६ जण आणि सत्र २० ते २५ मिनिटांचं. स्थिरावलेल्या, पुनर्वसनाकडे निघालेल्या रुग्णांचा गट ८ ते १० जणांचा, ४५ मिनिटांचा. दहाच्या वर गेलात की प्रत्येकाकडे लक्ष राहत नाही आणि कडेला बसलेला माणूस पुन्हा एकटा पडतो. सत्र घेणारा एक, त्याचा जोडीदार एक आणि वॉर्डातली सिस्टर किंवा अटेंडंट एक, अशी तीन माणसं हवीत. जोडीदाराने वाजवायचं नाही, बघायचं. कोणाचा चेहरा बदलला, कोण कान झाकतोय, कोण दाराकडे बघतोय, हे वाजवणाऱ्याला दिसत नाही.

त्या दिवशी कोणाला घेऊ नये? गोंधळलेल्या अवस्थेत, म्हणजे वेळ-जागेचं भान नसलेल्या रुग्णाला, आणि मारामारीच्या टोकाला आलेल्याला. ईसीटी झाल्यावर काही तास गोंधळ आणि विसर असतो. अशा रुग्णाला यायचंच असेल तर नुसतं बसून ऐकू द्यावं, नवं काही शिकवू नये. बाकी ज्याला यायचंय त्याने यावं, ज्याला उठून जायचंय त्याने जावं. 'शहाण्यासारखा वागलास तर गाण्याला नेईन' हे वाक्य वॉर्डात कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. सत्र बक्षीस झालं की ते काढून घेणं ही शिक्षा होते.

वार आणि वेळ बदलू नये. औषधं, जेवण, डॉक्टरांचा राउंड आणि भेटीची वेळ यांत सत्र अडकवू नका. सकाळच्या औषधांनंतर अनेकांना गुंगी असते. उशिरा सकाळी किंवा दुपारची झोप झाल्यावर माणसं जास्त जागी असतात. नक्की केव्हा, ते सिस्टरांना विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

खोलीत खुर्च्या गोलात, दोन खुर्च्यांमध्ये हातभर अंतर. सत्र घेणाऱ्याची खुर्ची दाराजवळ, पण दार अडवणारी नको. दारापर्यंतची वाट तुमच्यासाठीही मोकळी हवी आणि ज्याला जावंसं वाटेल त्याच्यासाठीही. गोलाबाहेर, दाराशेजारी दोन खुर्च्या जास्तीच्या ठेवा. पहिल्या दोन-तीन वेळा तिथे बसून फक्त ऐकणारा माणूस चौथ्या वेळी आपणहून गोलात येतो. त्याला हाताला धरून आणलं तर तो येणंच बंद करतो. पाठीमागून स्पर्श करू नका, दिवे घालवू नका, 'डोळे मिटा' अशी सक्ती करू नका. ज्याच्यावर अत्याचार झालेले आहेत त्याला मिटलेले डोळे आणि अंधार हीच भीती असते.

आवाजाकडे विशेष लक्ष द्या. टाइल्सची, उघड्या भिंतींची खोली आवाज परत फेकते आणि तीन ढोलक एकदम वाजले तर तिथे आवाज सहज ८५ डेसिबलच्या वर जातो. उन्माद असलेल्याला, भास होत असलेल्याला तो ओरबाडतो. जाड पडदे, सतरंजी, भिंतीला लावलेल्या गाद्या यांनी बराच फरक पडतो. परीक्षा सोपी आहे: सगळे गात-वाजवत असताना शेजाऱ्याशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वाद्यं कमी करा.

वाद्यांची पेटी

घरातलं निरुपद्रवी वाद्य वॉर्डात धोक्याचं ठरू शकतं. तार गळ्याभोवती जाते, तुटली तर कापते. म्हणून गिटार, सतार, तंबोरा रुग्णांच्या हातात नाही. सत्र घेणारा वाजवत असेल तर वाद्य कायम त्याच्याच हाताशी, सुट्या तारा खोलीबाहेर. माइकची आणि इयरफोनची वायर नको, बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर आणा. ज्या उपकरणात बटणासारखे चपटे सेल असतात ते आणूच नका. ते गिळले तर अन्ननलिका भाजते. हार्मोनियमचे हाताने उघडता येणारे स्क्रू, ढोलकाच्या दोरीतल्या सुट्या कड्या, खंजिरीच्या सैल पत्र्याच्या चकत्या, हे सगळं आधी तपासून घट्ट करा किंवा काढून टाका. सामान प्लास्टिकच्या पिशवीत नाही, झाकणाच्या पेटीत ठेवा. गाण्याच्या वहीला स्पायरलची तार नको, कागदांना टाचणी-स्टेपलरची पिन नको. कागद सुटे द्या किंवा दोऱ्याशिवाय डिंकाने चिकटवा. लिहायला जाड खडू.

मग उरतं काय? भरपूर. ८ ते १० जणांसाठी पेटीत असावं ते असं: हाताने वाजवायचे डफ ४, छोटे ढोलक २, तोंड पक्कं बंद केलेली खुळखुळ्यासारखी वाद्यं ४, लाकडी टिपऱ्या २ जोड, आणि सुट्या पट्ट्यांचं एखादं झायलोफोन (काठीने पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य). टिपऱ्या फेकता येतात, म्हणून त्या फक्त स्थिर गटात काढा. प्रत्येकाला एक वाद्य आणि वर तीन-चार जास्तीची, म्हणजे निवडायला जागा राहते आणि भांडण होत नाही.

सुट्या पट्ट्यांच्या झायलोफोनमधून म आणि नी काढून ठेवा. उरलेले सा रे ग प ध, भूपाचे पाच स्वर. यांतलं कोणीही काहीही केव्हाही वाजवलं तरी कानाला खटकत नाही. 'मला येत नाही' म्हणणाऱ्या माणसाला चुकायला जागाच उरत नाही. वॉर्डातल्या पेटीत एकच सुरेल वाद्य घ्यायचं असेल तर आमच्या मते हेच घ्यावं.

बासरी, माउथ ऑर्गन यांसारखी फुंकायची वाद्यं एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्यांना लाळ जास्त येते, त्यांची आणखी पंचाईत होते. ज्याचं त्याचं वाद्य असेल तरच द्या.

सत्राआधी वाद्यं मोजायची, वहीत आकडा लिहायचा. सत्र संपल्यावर कोणालाही खोलीबाहेर सोडण्याआधी पुन्हा मोजायची. आकडा जुळला नाही तर दार बंद न करता, आरडाओरडा न करता सिस्टरांना लगेच सांगायचं. 'एखादी टिपरी काय, मिळेल नंतर' असं म्हणू नका.

हात आणि औषधं

औषधांचा परिणाम हातात, घशात आणि कानात दिसतो. तो ओळखता आला नाही तर रुग्ण आळशी, हट्टी किंवा बेताल वाटतो.

डफ घेऊन बसलेल्या माणसाकडे नीट पाहा. ठेका त्याला कळलेला असतो, मान तालात हलते, पण हात उचलला जातो सावकाश आणि डफावर पडतो अर्धी मात्रा उशिरा. मनगट वळत नाही, अख्खा हात कोपरापासून खाली येतो. काही मनोविकारविरोधी औषधांनी स्नायू आखडतात, त्याचं हे चित्र आहे. त्याला 'जलद' म्हणण्यात अर्थ नाही. लय खाली आणा, मिनिटाला ६० ठोक्यांपर्यंत, आणि त्याला फक्त समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा ठोका द्या. आठ मात्रांत एकदाच हात पडायचा असेल तर तो वेळेवर पडतो. पडला की चेहऱ्यावर दिसतं. काठीने वाजवायचं असेल तर काठीच्या मुठीला कापड गुंडाळून ती तीन-चार सेंटिमीटर जाड करा, आखडलेल्या बोटांना बारीक काठी धरवत नाही.

मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधाने हाताला बारीक कंप येतो. अशा हातात खुळखुळा दिला तर कंप सगळ्यांना ऐकू जातो आणि माणूस ओशाळतो. त्याला तळव्याने वाजवायचा डफ द्या. ज्याला एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, उठून येरझाऱ्या घालतो, त्याला अनेकदा औषधामुळे होणारी बेचैनी असते. त्याला बसायला लावू नका, गोलाबाहेर चालत टाळ्या वाजवू द्या आणि सिस्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यावर इलाज करता येतो. तोंडाला कोरड पडते, म्हणून पाणी आणि कागदी पेले जवळ ठेवा. पटकन उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते, तेव्हा उभं राहून करायचं काही असेल तर आधी खुर्चीच्या कडेला बसून दहा आकडे मोजायचे. एखादा जाणकार रुग्ण 'पेटी (हार्मोनियम) उतरली आहे' असं ठासून म्हणत असेल तर वाद घालू नका: कार्बामाझेपिन हे फिटवरचं आणि मनःस्थितीवरचं औषध घेणाऱ्या काही थोड्या लोकांना सूर एक पट्टी उतरलेला ऐकू येतो. औषध थांबलं की ते जातं. ते डॉक्टरांना कळवा, औषधाबद्दल रुग्णाला स्वतः काही सल्ला देऊ नका.

पंचेचाळीस मिनिटं

सुरुवात आणि शेवट दर वेळी तंतोतंत तोच. मधलं बदलतं. पहिली पाच मिनिटं नावांचं गाणं: दोन ओळींची साधी चाल, त्यात एकेकाचं नाव घालून सगळ्यांनी म्हणायचं. ज्याला नाव सांगायचं नसेल त्याला पुढे जाऊ द्या. वॉर्डात नाव बहुधा औषधाच्या रांगेत किंवा तपासणीला बोलावताना पुकारलं जातं. इथे ते दहा जण सुरात म्हणतात. आखूड वाटलं तरी हा भाग गाळू नये.

पुढची पाच मिनिटं श्वास आणि आवाज. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, मग ओठ मिटून 'म्‌' असा गुंजन-स्वर सोडायचा, सहा मोजेपर्यंत. तीन-चार वेळा पुरे, जास्त केलं तर चक्कर येते. हे गुणगुणणं आणखी एका कारणासाठी शिकवण्यासारखं आहे. कानात आवाज ऐकू येणाऱ्या काही रुग्णांना हळू गुणगुणल्याने ते आवाज मागे सरकल्यासारखे वाटतात. सगळ्यांना नाही, पण ज्याला लागू पडतं त्याच्या हाती रात्री एकटं असताना वापरायला काहीतरी येतं.

मग दहा-बारा मिनिटं ठेका. आठ मात्रा घ्या: पहिल्या चार तुम्ही वाजवायच्या, पुढच्या चार सगळ्यांनी तशाच उचलायच्या. पाच-सहा आवर्तनं जमली की चार मात्रांची जागा एकेकाला द्या. तो जे वाजवेल ते गट परत करेल. त्याने एकच ठोका मारला तर गटानेही एकच मारायचा, आणि तेवढ्याच जोरात. त्याला सुधारून द्यायचं नाही. दहा माणसं आपलं ऐकून हुबेहूब परत करतात, हा अनुभव महत्त्वाचा, आणि तुम्ही ठेका 'सजवून' परत केलात की तो जातो. हौशी वादकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. तबला उत्तम येणाऱ्या माणसाने या भागात हात बांधून ठेवायला शिकावं.

लय कुठून सुरू करायची? अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इरा आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात मांडलेलं तत्त्व आजही वापरलं जातं: आधी रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारं संगीत, मग हळूहळू हव्या त्या दिशेने. खोली अस्वस्थ असेल, पाय हलत असतील, तर संथ गाणं लावून कोणी शांत होत नाही, उलट चिडतं. मिनिटाला १०० ते ११० ठोक्यांवर सुरू करा, आवाज मात्र मर्यादेत, आणि दर दोन-तीन मिनिटांनी पाच-सहा ठोके उतरवत ७५ वर या. एकदम वीस ठोके उतरवले तर ब्रेक लागल्यासारखं होतं, माणसं तालातून सुटतात. खोली जड, झोपाळलेली असेल तर ६० वरून सुरू करून ८५-९० पर्यंत चढा. त्यापुढे ताणू नका.

त्यानंतर पंधरा मिनिटं गाणी, तीन किंवा चार. मिश्र गटात पट्टीचा घोळ हमखास होतो. गायक आपल्या पट्टीत गातो आणि बाकीचे ओठ हलवतात. गाणं निवडताना त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पाहा. बायकांच्या आवाजासाठी खालचा स्वर मंद्र (खालच्या) सप्तकातल्या पांढरी सहाच्या, म्हणजे हार्मोनियमच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या खाली नको, वरचा तार (वरच्या) सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर नको. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. औषधं घेणाऱ्यांचा आवाज बऱ्याचदा दबलेला असतो, तेव्हा शंका आली तर पट्टी उतरवाच. ताना, मुरक्या, मोठे आलाप असलेली गाणी ऐकण्यासाठी ठेवा. गाण्याचे कागद १८ ते २० पॉइंटच्या टाइपात, एका पानावर एकच गाणं. औषधांनी जवळचं धूसर दिसतं आणि बारीक अक्षर पाहून माणूस कागद खाली ठेवतो. वाचता न येणाऱ्यांसाठी ध्रुवपद लहान असलेली गाणी घ्या, म्हणजे ते कागदाशिवाय सामील होतात.

गाणं शक्यतो रुग्णाने सुचवलेलं हवं. पण सुचवलेलं लगेच गाऊ नका. शब्द आधी वाचा, पुढच्या सत्रात घ्या. मरणाची ओढ, नशेचे गोडवे, सूड, 'कोणीतरी बघतंय, बोलावतंय' असे शब्द असतील तर टाळा. गटात व्यसनमुक्तीचे रुग्ण असतील तर गाणं कसं आहे याहून ते गाणं ऐकत रुग्ण पूर्वी काय करायचा हे जास्त महत्त्वाचं असतं, तेव्हा सिस्टरांना किंवा समुपदेशकाला विचारून घ्या. म्हाताऱ्या, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना त्यांच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांत कानावर पडलेली गाणी सर्वांत जास्त आठवतात. जन्मसालात वीस मिळवा आणि त्या सुमाराची गाणी शोधा.

पाचव्या-सहाव्या सत्रापासून शब्द लिहिणं आणता येतं. ओळखीची साधी चाल घ्या, ओळींत मोकळ्या जागा सोडा: 'सकाळी मला ______ ऐकू येतं, संध्याकाळी मी ______ पाहतो.' प्रत्येकाने एक शब्द भरायचा. फळ्यावर त्याचाच शब्द, त्याच्याच बोलीत लिहायचा, तो 'शुद्ध' करायचा नाही.

गाण्यांनंतर तीन-चार मिनिटं नुसतं ऐकणं, शब्दांविना वाजणारं काही. डोळे उघडे ठेवले तरी चालतं. शेवटी निरोपाचं तेच छोटं गाणं, आणि पुढचं सत्र कोणत्या वारी, किती वाजता, हे मोठ्याने सांगणं. वाद्यं गोळा करायला रुग्णांचीच मदत घ्या. पेटीत ठेवण्याच्या निमित्ताने मोजणीही होते.

कोणाला काय जपायचं

उन्मादात माणूस गाण्याने पेटतो, आणि सत्र त्याला आणखी वर नेऊ शकतं. त्याला ढोलक नको, पाळी ठरवून द्या, चार मात्रा झाल्या की पुढच्याकडे. काम मात्र द्या: कागद वाटणं, आवर्तनं मोजणं. भ्रम असलेल्या रुग्णाला गाण्यातला 'तू' आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटू शकतं. अशा वेळी गाताना त्याच्याकडे रोखून बघू नका, स्पीकरमधून येणाऱ्या आवाजापेक्षा समोर दिसणाऱ्या माणसाने गायलेलं गाणं बरं, आणि ध्वनिमुद्रण, मोबाइलवर चित्रण तर अजिबात नको. नैराश्यात उत्तर उशिरा येतं. प्रश्न विचारल्यावर मनात पंधरा आकडे मोजा, मग बोला. बहुतेक जण पाचव्या आकड्यालाच दुसऱ्याकडे वळतात आणि तो पुन्हा एकदा मागे राहतो. नैराश्याच्या रुग्णावर आनंदी गाणंही लादू नका.

घोळ होतो तेव्हा

कोणी रडू लागलं तर गाणं मध्येच तोडू नका. तोडलं की सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर जातात. आवाज थोडा खाली आणून कडवं पूर्ण करा. जोडीदार त्याच्या शेजारी बसेल, स्पर्श न करता. रडणं म्हणजे बिघाड नाही, पण त्या दिवशी सिस्टरांना ते कळलंच पाहिजे, आणि मरणाचा उल्लेख झाला असेल तर सत्र संपायची वाटही पाहू नये.

एक जण इतका जोरात वाजवतोय की बाकीचे थांबलेत, असं झालं तर 'हळू' म्हणू नका. सगळ्यांना मिळून आवाज चढवायला आणि मग कुजबुजीइतका उतरवायला लावा, हाताच्या खुणेवर. दोन-तीन वेळा केलं की तोही उतरतो. त्यानेही भागलं नाही तर वाद्य बदला: 'आता सगळे आपलं वाद्य उजवीकडे द्या.' एकट्याचं वाद्य काढून घेतलं की भांडण ओढवतं. दोघांत जुंपली तर वाजवणं थांबवा, बाकीच्यांना जोडीदाराबरोबर बाहेर काढा, मध्ये पडू नका. ते काम वॉर्डाच्या प्रशिक्षित माणसांचं.

फिट आली तर संगीत बंद, आसपासची वाद्यं-खुर्च्या दूर, डोक्याखाली मऊ काही, झटके थांबताच कुशीवर. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. वेळ घड्याळात पाहून ठेवा आणि सिस्टरांना हाक मारा. पाच मिनिटांच्या वर गेली तर ती आणीबाणी.

नोंद

डफ, ढोलकाची कातडी कोरड्या फडक्याने, लाकूड-प्लास्टिक ७० टक्के अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. मग त्याच दिवशी, त्याच वॉर्डात बसून नोंद लिहा. प्रत्येकासाठी तीन-चार ओळी पुरतात: आला की नाही, किती वेळ थांबला, काय केलं, कोणाशी बोलला. दिसलं ते लिहा, वाटलं ते नाही. 'आज खूश होता' यातून डॉक्टरांना काही कळत नाही. '२० मिनिटं बसला, ध्रुवपद दोनदा गायला, शेजाऱ्याला कागद दिला, मागच्या वेळी ५ मिनिटांत उठला होता' यातून कळतं. गटात कोणी खासगी काही सांगितलं तर नोंद उपचार करणाऱ्यांपर्यंतच जाते, कॉरिडॉरमध्ये नाही.

डिस्चार्ज ठरलेल्या रुग्णाला त्याच्या आवडीच्या गाण्यांचे कागद सोबत द्या. घरी नेता येईल असं ते बहुधा पहिलंच काहीतरी असतं, ज्यावर औषधाचं नाव नसतं. सत्रांची मालिका संपणार असेल तर शेवटच्या दिवशी जाहीर करू नका. तीन सत्रं आधी सांगा, फळ्यावर उरलेला आकडा लिहा, आणि शेवटच्या सत्रात कोणती गाणी घ्यायची ते गटाला ठरवू द्या.